नाईक यशवंत घाडगे यांचा छोटा अर्धपुतळा: आधी क्षण ठरवा, मग पुट्टी मळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस (शौर्यासाठीचं ब्रिटनचं सर्वोच्च पदक), यांचा १:१० प्रमाणातला अर्धपुतळा तुम्हाला स्वतः घडवून रंगवायचा आहे. हाताशी एकच जुना कृष्णधवल फोटो आहे. छातीवर पदक ठळक दिसायला हवं आहे. आधीच्या दोन्ही अर्धपुतळ्यांत चेहरा बाहुलीसारखा झाला आणि रंग दिल्यावर सगळं मातकट दिसू लागलं. चेहरा आणि रंग या दोन्ही अडचणींवर उपाय आहेत आणि ते पुढे सविस्तर सांगतो. पण पदकाचा विषय आधी घ्यायला हवा, कारण कपडे, चेहऱ्यावरचा भाव आणि त्वचेचा रंग हे सगळं त्यावरूनच ठरणार आहे.

घाडगे यांच्या छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस कधीच लागला नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधला त्यांचा सेक्शन, म्हणजे त्यांच्या हाताखालची छोटी तुकडी, अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडला. सेक्शनमधले बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या मशीनगनच्या ठाण्यावर, म्हणजे मोर्चावर, धावून गेले. ग्रेनेडने त्यांनी गन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने ठार केलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात ते पडले. वय २२. पदक मरणोत्तर जाहीर झालं. त्यांचा मृतदेहही सापडला नाही, म्हणून त्यांचं नाव कबरीवर नाही, कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

आता ठरवा, तुम्ही घडवताय तो माणूस नेमका कुठल्या घटकेचा आहे? रणांगणातला असेल तर छातीवर पदक येऊ शकत नाही. भरतीनंतर स्टुडिओत बसून फोटो काढून घेणारा असेल तरी येऊ शकत नाही. पदकासकटचा घाडगे हा कधी अस्तित्वातच नसलेला माणूस आहे. काही जण म्हणतात, ही तर श्रद्धांजली आहे, त्यात एवढं काय पाहायचं. मला ते पटत नाही. त्यांनी जे केलं ते पदक मिळेल हे माहीत नसताना केलं, आणि अर्धपुतळ्यातही ते तसंच दिसायला हवं. पदकाची जागा खाली बैठकीवर आहे. तिथे ते कसं बसवायचं ते शेवटी सांगतो.

पदक छातीवरच हवं असा मनापासून आग्रह असेल तर त्याच रेजिमेंटमधले नामदेव जाधव घ्या. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, चढ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग एकट्याने शत्रूचे तीन मशीनगन मोर्चे बंद पाडले आणि काठावर उभं राहून, मराठ्यांची युद्धगर्जना करत, मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. ते युद्धातून परतले आणि पुढे अनेक वर्षं जगले. त्यांच्या छातीवरचं पदक खरं आहे आणि त्याखालचा प्रौढ चेहराही खरा आहे. त्यांच्यासाठी मापं लक्षात ठेवा: क्रॉसची उंची ४१ मिलिमीटर, रुंदी ३६, फीत ३८ मिलिमीटर रुंद. म्हणजे १:१० मध्ये फीत पावणेचार मिलिमीटरच्या जरा वर आणि क्रॉसची उंची चारच्या किंचित वर. पदकांच्या ओळीत क्रॉस पहिला, म्हणजे छातीच्या मध्याच्या सर्वांत जवळ. नुसत्या फिती लावल्या असतील तर व्हिक्टोरिया क्रॉसच्या फितीवर त्याची छोटी प्रतिकृती असते. ती विसरू नका.

पुढचं सगळं मी घाडगे यांना धरूनच लिहितो, आणि क्षण धरतो तो धाव घेण्याच्या अगदी आधीचा.

फोटो कसा वाचायचा हे शिकण्यात थोडा वेळ घालवा, कारण एकच फोटो असला की आपण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. त्या काळातल्या स्टुडिओंत निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करण्याची सर्रास पद्धत होती. त्वचेवरचे डाग आणि रेषा घालवल्या जात. म्हणून फोटोतल्या त्वचेच्या बारकाव्यांना फारसा अर्थ नसतो. विश्वास ठेवायचा तो चेहऱ्याच्या बाह्यरेषेवर, कानाच्या जागेवर, नाकाच्या बुडाच्या रुंदीवर, वरच्या ओठाच्या उंचीवर आणि भुवई व डोळा यांतल्या अंतरावर. दुसरं म्हणजे, फोटो ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर काढलेला असू शकतो, आणि ही फिल्म लाल रंगाला दाद देत नाही. त्यामुळे तांबूस छटेची सावळी त्वचा तिच्यात प्रत्यक्षापेक्षा बरीच काळी उमटते, ओठ तर जवळजवळ काळेच. त्वचेचा रंग फोटोवरून ठरवायला गेलात तर तिथेच घसराल. माणगावात तहसील कार्यालयाजवळ घाडगे यांचा पुतळा आहे, तो जरूर पाहा. पण पुतळ्यावरून पुतळा करू नका. तो दुसऱ्या शिल्पकाराने लावलेला अर्थ आहे, आणि त्यातल्या चुका असतील तर त्या तुमच्या हातून आणखी मोठ्या होतील.

फोटोशी तुलना करताना एक युक्ती फार उपयोगी पडते. प्रमाण लहान झालं की अंतरही त्याच प्रमाणात लहान होतं. स्टुडिओत कॅमेरा साधारण दोन मीटरवर असेल, तर १:१० च्या डोक्याचा फोटो वीस सेंटिमीटरवरून घ्यायचा. प्रकाशही मूळ फोटोत जिकडून आलाय तिकडूनच पाडायचा. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवा. हातात धरून कितीही वेळ पाहिलं तरी न दिसणारा फरक तिथे लगेच दिसतो.

आता मापं. हनुवटीपासून टाळूपर्यंत डोकं २२ ते २३ मिलिमीटर, रुंदी १५ च्या आसपास, आणि कपाळापासून मागच्या कवटीपर्यंत खोली १९ ते २०. नवशिक्यांची डोकी बहुतेक वेळा या खोलीतच फसतात. समोरून चेहरा बरोबर दिसतो आणि बाजूने पाहिलं की कवटीचा मागचा भाग गायब. बुबुळासकट डोळ्याचा गोळा २.४ मिलिमीटर, त्यातलं रंगीत वर्तुळ सव्वा मिलिमीटरच्याही आत. दोन बाहुल्यांतलं अंतर सहा मिलिमीटरच्या किंचित वर. हे आकडे कागदावर लिहून समोर चिकटवा आणि डिव्हायडरने सतत तपासत राहा. नजरेचा अंदाज ताजा असताना ठीक, तासाभराने तो आपल्याला हवं तेच दाखवू लागतो.

आतल्या सांगाड्यासाठी पितळी सळई घ्या. खालचं टोक बैठकीत, वरचं कवटीच्या मध्यापर्यंत. काम करताना धरायला सळईचं खालचं टोक लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवा. अर्धपुतळा हातात धरून घडवायचा नसतो, नाहीतर एका बाजूचं काम करताना दुसरी बाजू दाबली जाते. कवटी आणि छातीचा गाभा ॲल्युमिनियम फॉइल घट्ट दाबून करा. पुट्टीबद्दल माझा कल दोन घटक मिसळून कडक होणाऱ्या इपॉक्सीकडे आहे. मोठ्या आकारांना मॅजिक स्कल्प, आणि पट्टे, कॉलर, पापण्या यांना मॅजिक स्कल्प आणि ग्रीन स्टफ समसमान. नुसतं ग्रीन स्टफ फार रबरी, ते कानस लावू देत नाही. नुसत्या मॅजिक स्कल्पची बारीक कड तुटते. दोन्ही एकत्र आल्या की एकीचा दोष दुसरी झाकते. ज्यांना सावकाश काम करायची सवय आहे त्यांनी चेहऱ्यासाठी सुपर स्कल्पी वापरावी. ती भट्टीत १३० अंश सेल्सिअसला भाजेपर्यंत मऊ राहते आणि भाजल्यावर तिच्यावर इपॉक्सी चढवता येते. कच्च्या इपॉक्सीला उघडा हात लावू नका, तिने कायमची ॲलर्जी होऊ शकते. घासकाम ओलं करा आणि मास्क लावा.

तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. चेहरा बाहुलीसारखा का होतो? बहुतेक वेळा त्याची चार कारणं एकत्र असतात: डोळे पृष्ठभागावर बसवलेले, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू हुबेहूब एकसारख्या, तोंड सपाट भिंतीवर कोरल्यासारखं, आणि गालाची बाजू कुठे सुरू होते ते कळत नाही.

यावरचा उपाय म्हणजे चेहरा थरांनी, आतून बाहेर घडवणं. आधी नुसती कवटी करा, डोळ्यांच्या जागी खोल खड्डे ठेवून. ती पूर्ण कडक होऊ द्या. हेल्मेट येणार आहे म्हणून टाळू कापून टाकण्याचा मोह होतो, तो आवरा. पूर्ण कवटी नसेल तर डोळे डोक्याच्या मध्यावर आहेत की नाही हे तपासताच येत नाही, आणि चुकीच्या कवटीवर हेल्मेट नेहमी टोपलीसारखं बसतं. मग २.४ मिलिमीटरचे दोन गोळे वेगळे वळून कडक करा आणि खड्ड्यांत बसवा. बाजूने पाहताना भुवईच्या हाडापासून गालाच्या हाडापर्यंत सरळ रेघ धरा. गोळा सहसा त्या रेघेच्या आतच राहायला हवा. बाहुलीपण घालवण्यातलं अर्धं काम इथेच होतं.

यानंतर गालाचं हाड, जबडा आणि भुवईचा कंगोरा यांचे ठळक पृष्ठ, म्हणजे सपाट पातळ्या, बसवा. या टप्प्यावर चेहरा ओबडधोबड, पैलू पाडलेला दिसला पाहिजे. समोरचा पृष्ठ आणि बाजूचा पृष्ठ जिथे मिळतात ती धार स्पष्ट असू द्या, नंतर ती मऊ करता येते. तोंडासाठी आधी दातांच्या कमानीचा फुगवटा घाला आणि ओठ त्याच्यावरून वळवून न्या. वरून, टाळूच्या बाजूने पाहिलं तर ओठांची रेघ कमानीसारखी दिसायला हवी. पापण्या सगळ्यांत शेवटी. पुट्टीची केसासारखी बारीक वळी करून गोळ्यावर ठेवा आणि सिलिकॉनचं टोक असलेल्या ओल्या हत्याराने वरची कड कपाळात मिसळा. वरची पापणी जाड, बाहेरच्या कोपऱ्यात ती खालच्या पापणीवर चढते. डोळ्याचा आतला कोपरा बाहेरच्यापेक्षा किंचित खाली. वरची पापणी रंगीत वर्तुळाचा थोडा भाग झाकते. तो झाकला नाही तर माणूस घाबरलेला दिसतो, आणि ही चूक रंगानेही सुधारत नाही.

दोन्ही बाजू एकसारख्या करू नका. एक भुवई किंचित वर, नाकाचं टोक केसभर एका बाजूला, तोंडाचा एक कोपरा जरा खोल. फोटोत जो फरक दिसतो तोच घ्या, मनाने घालू नका. फोनवर फोटो काढा आणि तो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा करून पाहा. नकोसा वाकडेपणा लगेच नजरेत भरतो.

घाडगे यांच्या बाबतीत खरी कसोटी वेगळीच आहे. बावीस वर्षांचा चेहरा घडवणं साठीच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. म्हाताऱ्या चेहऱ्यावर सुरकुत्या, पिशव्या, ओघळलेली कातडी असते, हात जरा चुकला तरी व्यक्तिमत्त्व दिसतं. तरुण चेहऱ्यावर लपायला जागा नसते. सगळं हाडांच्या ठेवणीतून आणि पृष्ठांच्या बारीक वळणांतून आणावं लागतं. म्हणूनच पुष्कळ शिल्पकार तरुण सैनिकाच्या कपाळावर आठ्या घालतात, गाल खप्पड करतात, मिशांना पीळ देतात आणि चाळिशीचा सुभेदार तयार होतो. तसं करू नका. मान बारीक ठेवा, तरुणाची मान डोक्याच्या मानाने बारीकच असते, आणि रुंद हेल्मेटाखाली ती आणखी बारीक दिसते. गालांत भरीवपणा राहू द्या. त्या दिवशी किती लहान मुलगा पुढे धावला हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे.

भाव काय ठेवायचा? ओरडणारं तोंड मला इथे पटत नाही. उघड्या तोंडाच्या अर्धपुतळ्याकडे पहिल्यांदा पाहिलं की छाप पडते, चौथ्यांदा पाहिलं की तो नाटकी वाटतो. ओठ मिटलेले, जबड्याचा स्नायू कानाखाली किंचित टणक, नाकपुड्या जराशा फुललेल्या, भुवया आत ओढलेल्या पण आठी न पडलेली. नजर समोर, थोडी खाली, जवळच्या लक्ष्याकडे. तो मोर्चा जवळच होता, त्यामुळे क्षितिजाकडे पाहणारी नजर इथे खोटी ठरेल.

हेल्मेट वेगळं घडवा आणि चेहरा रंगवून होईपर्यंत चिकटवू नका. हे मार्क २ प्रकारचं, उथळ आणि रुंद काठाचं हेल्मेट. काठासह लांबी सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या प्रमाणात ३ सेंटिमीटर, डोक्याच्या रुंदीच्या जवळजवळ दुप्पट. ते छोटं केलं की सगळा सैनिकपणा जातो. आतल्या अस्तरामुळे ते कवटीपासून दीड-दोन सेंटिमीटर उचललेलं असतं, ती दीड-दोन मिलिमीटरची पोकळी राखा. काठाची कड पातळ हवी: जाड काठ हा घरी केलेल्या हेल्मेटाचा सर्वांत मोठा दोष आहे. गोल ठोकळ्यावर पुट्टीचा पातळ थर पसरून, कडक झाल्यावर आतून घासून तो पातळ करा. जाळी घालायची असेल तर बारीक कापडी जाळी ओलसर सुपरग्लूने बसवा, पण गाठींचं माप प्रमाणात आहे ना ते बघा.

कपड्यांत फार वेळ घालवत नाही. जुलै महिना, म्हणून खाकी ड्रिलचा सुती शर्ट, लोकरी बॅटलड्रेस नव्हे. सुती कापडाच्या घड्या बारीक आणि टोकदार, लोकरीच्या जाड आणि गोल. वरून १९३७ पॅटर्नच्या वेबिंगचे, म्हणजे साहित्य अडकवायच्या जाड कापडी साजाचे, पट्टे, खांद्यावर दोन इंच रुंद आणि खाली एक इंच, म्हणजे तुमच्याकडे पाच आणि अडीच मिलिमीटर. पट्ट्याच्या वजनाने शर्ट खाली दबलेला दिसला पाहिजे. शर्ट घडवून वर पट्टा नुसता ठेवला की तो चिकटवलेलाच दिसतो, म्हणून शर्ट मऊ असतानाच पट्ट्याची जागा दाबून घ्या. नाईकच्या हुद्द्याच्या इंग्रजी V सारख्या दोन फिती दंडावर असतात, टोक खाली. अर्धपुतळा खांद्यापाशीच कापला तर हुद्दाच नाहीसा होतो. दंडाच्या मध्याच्या खाली कापा. दोन्ही बाजूंचे काप एकाच उंचीवर नसले तरी चालतं, उलट डौल येतो.

आता रंग. आधी राखाडी प्रायमर, मग वरून तिरका पांढरा फवारा, म्हणजे उजेड कुठे पडतो ते कळतं. या टप्प्यावर चेहऱ्यातले दोष उघडे पडतात. पुन्हा पुट्टी घेऊन बसण्याची ही शेवटची संधी.

तुमचा पुतळा मातकट दिसण्याची दोन कारणं असावीत. एक, सावलीसाठी काळा आणि उजेडासाठी पांढरा मिसळणं. काळ्याने सावळी त्वचा मरगळते, पांढऱ्याने ती राखेसारखी होते. दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं: गव्हाळ-सावळी त्वचा आणि खाकी हे दोन्ही तपकिरीच्या घरातले रंग आहेत, आणि उजळपणातही जवळ-जवळ आहेत. शेजारी आले की एकमेकांत विरघळतात. गोऱ्या सैनिकाच्या पुतळ्यात हा प्रश्न येत नाही, म्हणून युरोपी कृती जशाच्या तशा आपल्या सैनिकाला लावल्या की फसतात. उपाय असा की त्वचा लाल-नारिंगीकडे ओढायची आणि खाकी पिवळ्या-हिरव्याकडे. शिवाय खाकी उन्हाने विटलेली, म्हणजे एक पायरी उजळ ठेवायची. चेहरा मग आपोआप पुढे येतो.

त्वचेचा पाया मी वॅलेहो या कंपनीच्या मॉडेल-रंगांपैकी महोगनी ब्राउन आणि बेज ब्राउनच्या समसमान मिश्रणात थोडा फ्लॅट फ्लेश घालून करतो. सावलीला बर्न्ट अंबर, आणि अगदी खोल जागी त्यात थेंबभर प्रशियन ब्लू. उजेडाला पायाच्या रंगातच फ्लॅट फ्लेश वाढवत जायचं. शेवटचा ठिपका सनी स्किन टोनचा, फक्त नाकाचं टोक, गालाच्या हाडाचा माथा आणि खालच्या ओठाची कड एवढ्यावरच. हे सगळे थर पाण्यासारखे पातळ. ब्रश कागदी रुमालाला टिपून मगच पुतळ्याला लावायचा. एका थराने काही दिसू नये, सात-आठ थरांनी दिसावं.

यानंतरचं ग्लेझिंग, म्हणजे खालचा रंग दिसेल असे पारदर्शक थर देणं, सर्वांत महत्त्वाचं, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. माणसाच्या चेहऱ्यावर रंगाचे पट्टे असतात. कपाळ किंचित पिवळसर, मधला पट्टा म्हणजे गाल, नाक, कान लालसर, आणि जबड्याचा भाग दाढीमुळे निळसर-राखाडी. लालीसाठी कॅव्हलरी ब्राउन भरपूर पाण्यात, विशेषतः कानांच्या पाळ्यांना आणि नाकाच्या बाजूंना. सावळ्या त्वचेत लाली नसते असं समजून ती वगळणारे पुष्कळ आहेत. जुलैच्या उन्हात, जीव मुठीत धरून पडलेल्या तरुणाच्या चेहऱ्यात रक्त चढलेलं असणारच. दाढीच्या भागाला प्रशियन ब्लू आणि बर्न्ट अंबर यांचं जेमतेम रंगीत पाणी. तो दाढीचा रंग वाटू नये, नुसती छटा वाटावी. ओठांना गुलाबी मुळीच नको. पायाच्या रंगात कॅव्हलरी ब्राउन आणि निळ्याचा थेंब, वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद.

तैलरंगांची सवय असेल तर ॲक्रिलिकच्या पायावर बर्न्ट सिएना, रॉ अंबर, यलो ऑकर आणि थोडा टायटॅनियम व्हाइट घेऊन कोरड्या ब्रशने मिसळत जा. एवढ्या मोठ्या चेहऱ्यावर तैलरंगाने येणारा मऊपणा ॲक्रिलिकला गाठायला वेळ लागतो. मात्र थर पातळ ठेवा आणि धुळीपासून झाकून पुरेसे दिवस वाळू द्या.

डोळ्यांत शुद्ध पांढरा कधीच घालू नका. पांढऱ्यात बेज आणि चिमूटभर तपकिरी. हेल्मेटच्या काठाची सावली डोळ्यांवर पडणार आहे, म्हणून तो अजून एक पायरी खाली आणा. रंगीत वर्तुळ गडद तपकिरी, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात जरा उजळ कोर, मध्ये काळी बाहुली. वरच्या पापणीखाली सावलीची गडद रेघ, खालच्या पापणीला रेघ नको, नाहीतर काजळ घातल्यासारखं दिसतं. दोन्ही डोळ्यांतली चमक एकाच दिशेला. आधी अवघड जाणारा डोळा करा आणि मग सोपा, कारण दुसरा डोळा पहिल्याशी जुळवावा लागतो आणि तेव्हा हात सैल असलेला बरा.

खाकीला पाया म्हणून खाकी आणि ग्रीन ब्राउन, उजेडाला त्यात बेज. कापडाचा पोत बारीक ठिपक्यांनी आणि छोट्या आडव्या-उभ्या रेघांनी येतो, नुसत्या सफाईदार छटांनी शर्ट प्लास्टिकचा दिसतो. काखेजवळ, कॉलरच्या आत आणि पट्ट्यांखाली घामाने गडद झालेले भाग दाखवा, कडा अस्पष्ट ठेवून. वेबिंग शर्टापेक्षा हिरवट आणि एक पायरी गडद, टोकांची पितळी पाती मळकट. खांद्यांवर आणि हेल्मेटच्या माथ्यावर फिकट मातीच्या रंगाचं पिगमेंट, म्हणजे कोरडी रंगपूड, थोडं चोळा. चेहऱ्यावर धूळ घालताना हात फार आखडता घ्या, एवढ्या मेहनतीने आणलेली त्वचा पुन्हा मातकट होईल.

शेवटी सगळ्यावर मॅट वॉर्निश, आणि ते वाळल्यावर डोळ्यांना चकचकीत वॉर्निशचा एकेक थेंब, खालच्या ओठाला अर्धचकचकीत. मग हेल्मेट चिकटवा आणि हनुवटीचा पट्टा जोडा. प्रती काढायच्या असतील तर सिलिकॉनचा साचा रंगाच्या आधी, हेल्मेट सुटं असतानाच घ्या. काठाखालच्या खोबणीत साचा अडकतो.

बैठक साधी, गडद लाकडाची, वरच्या पुतळ्यापेक्षा अरुंद. पदक १:१० मध्ये तिथे हरवून जाईल, म्हणून ते वेगळ्या प्रमाणात करा. १:४ घेतलं तर फीत साडेनऊ मिलिमीटर आणि क्रॉसची उंची दहाच्या आसपास, एवढ्यात मुकुटावरचा सिंह आणि खालची पट्टी सुचवता येते. क्रॉस पातळ प्लास्टिकच्या पत्र्यातून कापा, उठाव पुट्टीचा. सोनेरी रंग अजिबात नको. हे ब्राँझ काळपट तपकिरी, जवळजवळ चॉकलेटी दिसतं. गडद तपकिरीवर फक्त कडांना ब्राँझची रेघ द्या. फीत किरमिजी, पण भडक नव्हे. ब्लॅक रेडमध्ये थोडा लाल घालून पाया करा आणि त्यावर आडव्या बारीक रेघा ओढा, म्हणजे विणीचा भास होतो. क्रॉस बैठकीच्या दर्शनी बाजूला, नावाच्या पट्टीखाली बसवा. पट्टीवर मी एवढंच लिहीन: नाईक यशवंत घाडगे, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, टायबरचं वरचं खोरं, १० जुलै १९४४.